नाव घेताना

पहाटे ४.१०

कार्तिकात आळंदीला गजराचं घड्याळ लागत नाही. काकड्याचे टाळ सुरू झाले की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसतात. माउलींच्या समाधी सोहळ्याची एकादशी बारा दिवसांवर आलीय, गाव भरायला लागलंय, आणि माझ्याकडे सत्तावीस सदरे अजून शिवायचे पडलेत.

मी उठते तेव्हा सासूबाई अंथरुणात बसलेल्याच असतात. वय ब्याऐंशी. डोळ्यांना दिसतं ते धूसर. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो आणि ओठ हलत असतात. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, जप चाललाय. थोरल्याच्या बाळंतपणानंतर काही दिवस त्यांच्या शेजारी निजायला होते, तेव्हा पहिल्यांदा शब्द कानावर पडले. ती आमची नावं होती. जुन्नरला दिलेली थोरली नणंद, तिची दोन्ही मुलं, धाकटी नणंद, दीर, जाऊ, हे, मी, माझ्या कुशीतलं बाळ. मग एका पेरावर अंगठा थांबायचा, ओठ मिटलेले राहायचे, आणि सर्वांत शेवटी गोठ्यातल्या म्हशीचं नाव. एवढं झालं की हात जोडून रामकृष्णहरी.

त्या यादीत माझं नाव आठवं होतं. त्या काळात आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं. स्वयंपाकघरात दिवसदिवस अबोला चालायचा. तरी रोज पहाटे सव्वाचारला या बाईच्या तोंडी माझं नाव असतं, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नंतर एकदा विचारलं, "आई, देवाकडे काय मागता?"

"मागायचं काय? कोण कोण आहे घरात, ते त्याला सांगते," त्या म्हणाल्या. "सांगताना मलाबी आठवतं."

म्हैस विकून दहा वर्षं झाली. तिचं नाव अजून यादीत आहे.

पहाटे ५.००

झाडलोट. अंगण म्हणजे दारापुढची चार फूट फरशी, पण ती झाडल्याशिवाय तुळशीला पाणी घालायचं नाही ही घरची रीत. १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा ती जागा नामदेवांच्या चार मुलांनी झाडून साफ केली, असं परंपरा सांगते. या दिवसांत केरसुणी हातात घेतली की मला ती चार भावंडं आठवतात. बाप आपल्या मित्राच्या जाण्याने ढसाढसा रडतोय आणि मुलं मुकाट्याने खडे वेचतायत. त्या सोहळ्यातलं बाकीचं काही माझ्या आवाक्यातलं नाही. झाडणं आहे.

पूजेला पाणी नळाचं. आईंच्या सासूच्या काळात इंद्रायणीची घागर यायची. आता सकाळी घाटावर जावं तर पुष्कळदा पाण्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो, कारखान्यांचा आणि वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्याचा. लांबून आलेल्या बाया त्याच फेसाला हात लावून कपाळाशी नेतात. ते बघवत नाही. नदीचं नाव रोज ओठांवर असणाऱ्या एवढ्या माणसांच्या गावात नदीचे हे हाल व्हावेत, याची लाज मला आहे आणि ती इथं लिहून ठेवते.

सकाळी ७.४५

दोन डबे भरून दोघंही बाहेर. थोरला बारावीला, धाकटी सातवीला. तेवढ्यात हे चाकणहून तिसरी पाळी करून येतात. कंपनीची गाडी कोपऱ्यावर सोडते. चहा, भाकरी, अंघोळ, आणि नवाच्या आत झोप. या घरात गेली एकोणीस वर्षं कुणी ना कुणी झोपलेलं असतं आणि कुणी ना कुणी त्याच्यासाठी दबक्या पावलांनी चालत असतं.

सकाळी ९.००

हे झोपलेले असताना मशीन चालवायची नाही. म्हणून सकाळची वेळ हातशिलाईची. बटणं, काजं, टोप्यांचे धावदोरे, पताकांच्या कडा. पुढच्या खोलीत खाली बसून करते. आईही शेजारी बसतात आणि दोऱ्याची गुंतवळ बोटांनीच सोडवून देतात.

माझं काम म्हणजे वारकऱ्यांचे पांढरे सदरे, टोप्या, झोळ्या आणि दिंडीच्या भगव्या पताका. नामदेवही शिंपी, याचा मला फार आधार वाटतो. प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी टाचलेली असते. नाव, गाव, छाती, उंची, बाही, गळा. चिठ्ठीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं आणि ते कळायला बारा सदरे वाया गेले.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या बायकांनी चातुर्मासात प्रत्येकी सव्वा लाख नामजपाचा संकल्प सोडला. बोटात घालायचं मोजणीयंत्र मिळतं, बटण दाबलं की आकडा पुढे जातो. मीही घेतलं. पायाने मशीन, तोंडाने नाम, अंगठ्याने बटण. दिवसाला दोन हजार, अडीच हजार. रात्री आकडा बघितला की फार बरं वाटायचं, संसार सांभाळून आपणही काही करतोय असं. त्याच दिवसांत एका वारकरी संस्थेच्या मुलांचे बारा सदरे बेतायला घेतले होते. जोडायला बसले तेव्हा लक्षात आलं, बाह्या सगळ्या उजव्याच कापल्यात. चोवीस उजव्या बाह्या. कापडाला उलटसुलट होतं, फिरवून चालणार नव्हतं. कापड माझ्या पैशाने भरून दिलं, आणि दोन मुलं कीर्तनाला जुन्याच सदऱ्यावर उभी राहिली.

मी रडले. आईंनी बाह्यांवरून हात फिरवून बघितला. "तू नाव कुणाचं घेत होतीस?" त्यांनी विचारलं.

"देवाचं."

"त्याला ऐकायला सवड होती का? तू थांबलीसच नाहीस कुठं."

मला तेव्हा राग आला. अडाणी बाई मला नाम शिकवते, असंही मनात आलं. पण पुढच्या खेपेला कापडाला कात्री लावायच्या आधी चिठ्ठी हातात घेतली आणि त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचलं. कुण्या अकरा वर्षांच्या मुलाचं, हिंगोलीकडच्या गावचं. छाती अठ्ठावीस. एवढ्याशा छातीचं पोर आईला सोडून इथं राहतंय, हे वाचताना डोळ्यापुढे आलं. बाही बेताने लांब ठेवली, वाढत्या अंगाची म्हणून आत दोन बोटं दुमड जास्त सोडली. तेव्हापासून दर कापडाला हे करते. नाव वाचायचं, मग कात्री. मोजणीयंत्र धाकटीच्या खेळण्यांत कुठंतरी आहे.

मोजणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. विनोबांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत घेतलं होतं आणि ती रोज दाणे मोजून वाही. वडिलांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ मोजून घे, मग हिशोबाने वजन करून टाक. तिने मुलाला विचारलं. विनोबांचं म्हणणं पडलं की हे गणित नव्हे, दर दाण्याला देवाची आठवण आहे, तेव्हा मोजायचेच. तिचं मोजणं दाण्यापाशी थांबत जाणारं होतं आणि माझं पळणारं. हिला गीता समजावी म्हणून मुलाने 'गीताई' लिहायला घेतली तोवर ती जाऊन बारा वर्षं होत आली होती. ते पुस्तक आमच्या देवघरात आहे. नावातच आई आहे.

सकाळी १०.४५

"माउली!"

दारात तीन मुलं. पांढरे सदरे, कपाळाला बुक्का, हातात डबे. माधुकरी. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली इथं वारकरी शिक्षण संस्था काढली. पुढे लहानमोठ्या कितीतरी संस्था निघाल्या. बऱ्याच ठिकाणी आता आतच स्वयंपाक होतो, तरी माधुकरीची वहिवाट पुरती मोडलेली नाही. आमच्या दारावर ती आईंच्या सासूपासून चालू आहे. तीन भाकऱ्या आणि होईल ती भाजी, रोज बाजूला काढलेली.

या गावात सगळे सगळ्यांना माउली म्हणतात. रिक्षावाला प्रवाशाला, पोलीस फेरीवाल्याला. ऐकून ऐकून शब्द बोथट होतो. पण भुकेच्या वेळी दारात उभं राहून एखादं पोर तो उच्चारतं तेव्हा तो पुन्हा त्याच्या मूळ अर्थाला जातो. माउली म्हणजे आई. ज्या हाकेने ज्ञानोबांना बोलावतात, त्याच हाकेने मला बोलावलं जातं, आणि मी फक्त भाकरी घेऊन दारात येते.

आज त्यातल्या सर्वांत लहान मुलाच्या सदऱ्याची काखेतली टीप उसवली होती. आत ये म्हटलं, अंगावरच दोन टाके घातले. तो हात वर करून उभा होता आणि तेवढ्या वेळात त्याने मला आईचं, बहिणीचं आणि गावाकडच्या बैलाचं नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दुपारी १.३०

जेवणं झाली. तांदूळ निवडायला घेतले. दुपारच्या या तासात आईंना जुन्या ओव्या आठवतात. जातं कधीच माळ्यावर गेलंय, तरी सूप हातात आलं की हात गोल फिरू लागतो. त्यांच्या ओव्यांत पंढरी, तुळस, भाऊ, सासू, लेकीचं सासर, सगळं एकाच सुरात येतं. देवाची ओवी कुठं संपली आणि भावाची कुठं सुरू झाली ते सांगता येत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात पीठ दळता दळता बायकांनी केवढी नावं घेऊन ठेवली आहेत, हे त्यामुळे शिकल्यासवरल्या जगाला कळलं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून जातं दाखवतात. मी त्याचा खुंटा धरून बघितलाय. लाकूड गुळगुळीत आहे.

जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी बाई. त्या घरात आई गोणाई, बायको राजाई, मुलं, सून, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. चोखोबांच्या घरीही तेच. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा. त्यांना तर देवळात पायच ठेवू दिला नाही. त्या कुटुंबाची सगळी प्रार्थना घरात आणि कामाच्या वाटेवर झाली, आणि तीही इतक्या तोलामोलाची. देवळाचं दार उघडं असलेल्या आमच्या गावात मला हे रोज आठवावं लागतं.

शेजारीण ओट्यावर येऊन बसली. तिच्या सुनेविषयी सुरू झालं. मीही दोन शब्द टाकले, माझ्या जावेविषयी. आई आतून म्हणाल्या, "सकाळी जिचं नाव घेतलं, तिला दुपारी नावं ठेवू नये बाई." शेजारीण थोड्या वेळाने उठून गेली. नाव घेणं आणि नावं ठेवणं, दोन्हीला जीभ तीच लागते, आणि दुसरं किती सहज होतं!

दुपारी ३.३०

हे उठले. आता मशीन. तीन तास सलग टीप मारायची ही वेळ, पण आज पहिल्या अर्ध्या तासातच घरात भडका उडाला. थोरला कॉलेजातून आला आणि म्हणाला, बारावी सोडतो, मित्राबरोबर कंपनीत कंत्राटी कामाला लागतो. महिन्याला हातात पैसे येतील.

ह्यांचं एकोणीस वर्षांचं कंत्राट एका क्षणात वर आलं. इतकी वर्षं कायम न होताही पाळ्या केल्या, ते पोराने हे पाऊल उचलू नये म्हणूनच. पण ते असं बोलता आलं नाही. नालायक, बिनडोक, आणखी दोनचार शब्द. जन्मल्यावर बाराव्या दिवशी कानात सांगितलेलं नाव सोडून बाकी सगळ्या नावांनी हाक मारून झाली. पोराने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

आळंदीत बंद दाराची एक गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांना समजावलं, तेच ताटीचे अभंग. आईबाप गमावलेली पोरं ती. एवढी जाणती बहीण दाराबाहेर असल्यावर भावाला दार उघडावंच लागलं असेल. माझ्या धाकटीला अभंग येत नाहीत. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दाराला पाठ लावून भूगोलाची वही उघडून बसली. दर पाच मिनिटांनी, "दादा, पठार म्हणजे काय?" "दादा, मला नकाशा नीट जमत नाही." आतून उत्तर नाही. ती थांबायची, पुन्हा हाक मारायची. मी मशीन बंद केली नाही, पण टीप मारताना कान तिकडेच होते. पाऊण तासाने आतून आवाज आला, "आण वही इकडे."

पाऊण तास चाललेली ती हाक मी ऐकली. देवाला हाक मारताना माझ्याने एवढं थांबवत नाही.

संध्याकाळी ६.४५

दिवेलागण. समई, उदबत्ती, आणि हरिपाठ. ज्ञानदेवांचे सत्तावीस अभंग आईंना पाठ आहेत. लिहिता-वाचता त्यांना कधीच आलं नाही. आज थोरला बसेल की नाही शंका होती. तो आला, बापापासून लांब, भिंतीला टेकून बसला. ह्यांनी टाळ घेतले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या सासऱ्यांचं नाव देवाचंच होतं. पंढरीत विटेवर उभ्या असलेल्या देवाला सारा महाराष्ट्र ज्या नावाने हाक मारतो, तेच. सून म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. आई सोळाव्या वर्षी या वारकरी घरात आल्या आणि त्याच दिवशी देवाचं नाव त्यांच्या तोंडून गेलं, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्या पंढरीनाथ म्हणायच्या, माउली म्हणायच्या. हरिपाठ संपताना पुंडलिकाचं नाव घेऊन गजर होतो, त्याच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द तोच. तिथं आल्यावर त्या तोंड मिटायच्या आणि फक्त एक टाळी वाजवायच्या. पन्नासएक वर्षं रोज संध्याकाळी या घरात त्या शब्दाच्या जागी एक टाळी वाजली. पहाटेच्या यादीतलं ते मुकं पेरही त्यांचंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी पौषात एका रात्री सासऱ्यांना छातीत कळ आली. हे कामावर होते. मी गाडीसाठी फोन करत होते. आईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांना नावाने हाक मारली. मोठ्याने. तीनदा. तो शब्द त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकला. सहा वर्षांचा थोरला जागा होऊन दारात उभा होता. गाडी आली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर पुन्हा हरिपाठ लागला. गजर आला. आम्ही सगळे त्या टाळीसाठी थांबलो. टाळी वाजली नाही. त्यांनी शब्द उच्चारला, स्वच्छ, आणि मग समईची वात पुढे सारली. थोरल्याने विचारलं, "आजी आजोबांना हाक मारते का?" त्या म्हणाल्या, "हो."

त्या दिवसापर्यंत हरिपाठ माझ्यासाठी स्वयंपाकाआधी उरकायचं एक काम होतं. एका शब्दासाठी पन्नास वर्षं वाट बघणारी बाई माझ्या शेजारी बसत होती आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आता गजराला मी कुकर लावत नाही.

आज गजर झाल्यावर ह्यांनी टाळ खाली ठेवले आणि थोरल्याला नावाने हाक मारली. एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. तो उठून त्यांच्या पाया पडला, जसा रोज पडतो. कॉलेजचा प्रश्न तसाच आहे. रविवारी बोलू, असं ठरलं.

रात्री १०.२०

ह्यांचा डबा भरला. हे चप्पल घालतात तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत जाते. "अहो, जपून." एवढंच आमचं बोलणं. गाडी कोपऱ्यावर येते, दिवा वळताना समोरच्या भिंतीवर एकदा उजेड पडतो.

आज नऊ सदरे झाले. अठरा राहिले.

रात्री ११.१५

आई झोपल्यात. दार लावून मी अंथरुणावर बसते आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवते. गेल्या वर्षापासून पहाटे आईंची काही नावं सुटायला लागलीत, धाकट्या नणंदेचं दोनदा येतं आणि एखाद्या दिवशी माझंच राहतं. म्हणून यादी मी घेतलीय. आईंपासून सुरू करते. थोरला, धाकटी, नणंदा, जाऊ, आज ज्याचा सदरा शिवला तो मुलगा आणि त्याने सांगितलेली त्याची आई नि बहीण. ह्यांचं नाव मी मोठ्याने घेते. ते तेव्हा चाकणच्या रस्त्यावर असतात.

शेवटी म्हशीचं नाव घेते.